अवकाश उणे २७० अंश, मग पृथ्वी गोठत का नाही?

शिवडीकर (धागालेखक)

आठवीत शिकणाऱ्या पुतणीने रविवारी जेवताना एक प्रश्न विचारला आणि त्यावर आमच्या घरात हात वाळेपर्यंत वाद झाला. तिचे म्हणणे असे की, वातावरणाबाहेर उणे २७० अंश सेल्सिअस तापमान असते असे सगळीकडे सांगतात. अवकाशाची हद्द १०० किलोमीटरवर सुरू होते असे मानतात, म्हणजे लोकलने सीएसएमटीहून कर्जतला जावे इतकेच ते अंतर. मग इतक्या जवळ, चहूबाजूंनी एवढी भयंकर थंडी असताना पृथ्वी गोठून का जात नाही? त्यावर तिच्या आजोबांनी आपली शंका पुढे केली की, सूर्याच्या आणि आपल्या मधली जागा एवढी गार असेल, तर त्या गारठ्यातून येताना ऊन थंड कसे होत नाही? आणि डोंगरावर गेले की आपण सूर्याच्या जवळ जातो, तरी तिथे गारवा का वाटतो, हा माझा स्वतःचा जुना प्रश्न आहेच.

मी वाणिज्य शाखेचा माणूस आहे. "वातावरण ऊब धरून ठेवते" एवढे एका ओळीचे उत्तर मला ठाऊक आहे, पण ते पुतणीला दिल्यावर तिने लगेच "कशी?" असे विचारले आणि मी गप्प झालो. येथे खगोल आणि हवामान या विषयांत मुरलेले सदस्य आहेत. त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. आकडे दिलेत तर अधिक चांगले, कारण आकड्यांशिवाय तिचे समाधान होत नाही.

खगोलप्रेमी_दादर

शिवडीकर, पुतणीला शाबासकी द्या, कारण तिने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. पोकळीला स्वतःचे असे तापमान नसते. तापमान पदार्थाचे असते, आणि पोकळीत पदार्थच जवळपास नाही. आपल्याला थंडी वाजते ती गार हवा अंगाला लागते आणि अंगातील उष्णता घेऊन जाते म्हणून. अवकाशात अंगाला लागायला काहीच नाही. थर्मासच्या दोन भिंतींमधील हवा काढून टाकलेली असते आणि त्यामुळेच त्यातील चहा तासन्‌तास गरम राहतो. पृथ्वीभोवतीची पोकळी याच अर्थाने उष्णतेला अडवणारी आहे. वहन (स्पर्शातून उष्णता जाणे) आणि अभिसरण (वाहत्या हवेबरोबर किंवा पाण्याबरोबर ती जाणे) हे दोन्ही मार्ग तेथे बंद असतात आणि उरतो तो फक्त प्रारणाचा, म्हणजे किरणांच्या रूपाने ऊर्जा जाण्याचा मार्ग. सूर्याची ऊर्जा त्याच मार्गाने येते. वाटेत तिला शोषून घेणारे काही नसल्यामुळे "गारठ्यातून येताना" तिचे काही बिघडण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

आता ते उणे २७० कुठून आले? विश्वाच्या आरंभीच्या तप्त अवस्थेतून उरलेले एक मंद सूक्ष्मलहरी प्रारण सर्व दिशांनी सारखे येत असते. पेन्झियस आणि विल्सन या दोघांना अमेरिकेतील न्यू जर्सी येथील अँटेनात ते सापडले आणि १९६५ मध्ये त्यांनी ते जाहीर केले. त्याचे तापमान २.७ केल्विन, म्हणजे जवळपास उणे २७०.४ अंश सेल्सिअस आहे. सूर्यापासून आणि इतर ताऱ्यांपासून अतिदूर ठेवलेली वस्तू निवत निवत अखेर या तापमानाच्या आसपास येईल. पृथ्वीजवळ ठेवलेल्या वस्तूला मात्र हा आकडा लागू होत नाही, कारण तिच्यावर सूर्य तळपत असतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या बाह्य भागाचे तापमान उन्हात १२० अंशांच्या घरात आणि सावलीत उणे १५० च्या आसपास जाऊ शकते. गंमत अशी की त्या स्थानकावरील मोठी अडचण थंडीची नाही. आतील यंत्रांची आणि माणसांची उष्णता बाहेर टाकायची कशी, ही आहे. त्यासाठी अमोनिया खेळवलेले मोठाले पांढरे पंखे, म्हणजे रेडिएटर, तेथे बसवलेले आहेत. अवकाशवीरांच्या पोशाखाच्या आतही पाण्याच्या बारीक नळ्या असतात आणि त्या अंग गार ठेवण्यासाठी असतात.

प्रश्नोपनिषद

हे पटले. पण मग उलटी शंका येते. पृथ्वी थर्मासमध्ये असेल आणि सूर्य रोज ऊर्जा ओतत असेल, तर साडेचार अब्ज वर्षांत आपण भाजून निघायला हवे होते. ते का झाले नाही?

खगोलप्रेमी_दादर

कारण पृथ्वी स्वतःही प्रारण सोडते, फक्त ते डोळ्यांना न दिसणारे, अवरक्त असते. ऊब असलेली प्रत्येक वस्तू ते सोडते आणि तापमान थोडे वाढले तरी त्याचे प्रमाण झपाट्याने वाढते. केल्विनमधील तापमानाच्या चौथ्या घातानुसार. म्हणून जमा वाढली की पृथ्वी तापते, तापली की खर्च वाढतो, आणि दोन्ही जुळतात तेथे तापमान स्थिरावते.

हिशेब सोपा आहे. सूर्याकडे तोंड करून वातावरणाच्या माथ्यावर धरलेल्या एक चौरस मीटरवर सुमारे १३६१ वॅट येतात. गोलाचे पृष्ठफळ त्याच्या सावलीच्या वर्तुळाच्या चौपट असते. त्यामुळे दिवस-रात्र, विषुववृत्त-ध्रुव अशी सरासरी काढली की सुमारे ३४० वॅट वाट्याला येतात. त्यातील जवळपास ३० टक्के ढग, बर्फ आणि वाळवंटे परत उधळून लावतात. उरतात २४० वॅट. तेवढेच परत पाठवण्यासाठी वस्तूचे तापमान किती हवे, याचे उत्तर येते उणे १८ अंश सेल्सिअस. प्रत्यक्षात भूपृष्ठाचे सरासरी तापमान अधिक १५ अंशांच्या आसपास आहे. मधला ३३ अंशांचा फरक हाच पुतणीच्या "कशी?"चा खरा विषय आहे.

चंद्र आपल्याइतक्याच अंतरावर असून त्याच्याजवळ वातावरण नाही. तेथे विषुववृत्ताजवळ दुपारी १२० अंश आणि रात्री उणे १३० च्याही खाली, आणि ध्रुवांजवळच्या कधीच ऊन न पोहोचणाऱ्या विवरांत उणे २४० च्या जवळपास इतकी टोके गाठली जातात.

मृण्मयी_मु

३३ अंशांच्या त्या फरकाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण शालेय तक्त्यांत हा भाग फारच घाईने उरकलेला असतो. जमिनीतून बाण वर जातो, वायूंच्या थराला आपटतो आणि खाली येतो, असे चित्र असते, ते अगदीच चूक नाही, पण त्यावरून "एकदा सगळे बाण अडले की पुढे वायू वाढवून काय फरक पडणार?" असा गैरसमज होतो आणि तो मी अनेक सुशिक्षितांच्या तोंडून ऐकला आहे.

क्षणभर जमीन विसरून अवकाशातून खाली पाहा, आणि अवरक्त प्रकाश पाहू शकणाऱ्या डोळ्यांनी पाहा. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांना ज्या तरंगलांब्या शोषता येतात, त्यांत हवा धुक्यासारखी अपारदर्शक असते. जमिनीने सोडलेले प्रारण थोडे वर जाऊन शोषले जाते, तेथील हवा तापून पुन्हा सर्व दिशांना प्रारण सोडते, ते आणखी वर शोषले जाते, असे करत करत एका उंचीवर हवा इतकी विरळ होते की तेथून सुटलेले प्रारण सरळ अवकाशात निघून जाते. ही सुटण्याची उंची प्रत्येक तरंगलांबीसाठी वेगळी असते, पण सरासरी काढली तर ती पाच किलोमीटरच्या आसपास येते. तीन कळसूबाई एकावर एक रचल्या तर जेमतेम तेवढी उंची होईल. तेथील हवेचे तापमान किती असते? उणे १८ च्या आसपास. म्हणजे पृथ्वी आपला २४० वॅटचा खर्च भागवते तो तेथून. आणि खालच्या वातावरणात दर किलोमीटरमागे सरासरी साडेसहा अंश तापमान उतरते. पाच किलोमीटर खाली या, ३३ अंश वाढवा, आपण १५ अंशांवर जमिनीला टेकतो.

डोंगरावरील गारव्याचे उत्तरही येथेच आहे, शिवडीकर. सूर्य १५ कोटी किलोमीटर दूर आहे. दीड किलोमीटर वर गेल्याने त्या अंतरात काडीचाही फरक पडत नाही. हवा बहुतांशी खालून, तापलेल्या जमिनीमुळे आणि समुद्रावरून उठलेल्या वाफेमुळे तापते, आणि वर चढणारी हवा कमी दाबात फुगते व फुगताना निवते.

आता कार्बन डायऑक्साइड वाढवा. धुके दाट झाले की प्रारण सुटण्याची उंची वर सरकते. वरची हवा अधिक गार, म्हणून तिथून कमी ऊर्जा बाहेर पडते. खर्च जमेपेक्षा कमी झाला, तर उरलेली ऊर्जा येथेच साठते, आणि वरचा तो नवा थर पुन्हा उणे १८ ला येईपर्यंत खालचे सगळेच तापत जाते. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते; आता ते ४२० च्या पुढे आहेत. ऊर्जेच्या जमा-खर्चातील सध्याची तफावत दर चौरस मीटरला एका वॅटच्या आसपास आहे आणि त्या जास्तीच्या उष्णतेचा सुमारे ९० टक्के भाग समुद्र गिळतो आहे. २४० मध्ये एक म्हणजे क्षुल्लक वाटेल, पण हा एक वॅट रात्रंदिवस, पृथ्वीच्या प्रत्येक चौरस मीटरवर साठतो आहे.

वातानुकूल

मी वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचा व्यवसाय करतो. आमच्याकडे डक्टचे तापमान लांबून मोजण्याची अवरक्त बंदूक असते. तिच्यावर लाल ठिपका पडतो आणि पडद्यावर आकडा येतो. मृण्मयीताई म्हणतात ते धुके या बंदुकीने प्रत्यक्ष पाहता येते, म्हणून लिहितो.

परवा रात्री गोरेगावला एका इमारतीच्या गच्चीवर काम आटोपल्यावर मी ती सहज सरळ डोक्यावर रोखली. हवा २२ अंश होती, आकाश निरभ्र, आणि पडद्यावर आला उणे १९. बंदूक हळूहळू क्षितिजाकडे झुकवत नेली तसा आकडा चढत गेला, उणे १०, उणे २, आणि समोरच्या टॉवरच्या थोडे वर अधिक ८. म्हणजे तिरके पाहिले की मध्ये हवेचा जाड थर येतो आणि बंदुकीला जवळची, उबदार हवा दिसू लागते. पावसाळ्यात हाच प्रयोग भरलेल्या ढगांवर केला होता, तेव्हा आकडा हवेच्या तापमानापेक्षा थोडाच कमी आला होता. उणे २७० कधीही आले नाही, येणारही नाही; बंदुकीची मर्यादाच उणे ५० आहे, आणि शिवाय मुंबईत डोक्यावर वाफ कायमच असते.

शिवडीकर, पुतणीला हे जरूर दाखवा, पण कोविडच्या काळात कपाळावर रोखत असत ती बंदूक उपयोगाची नाही. ती साधारण ३२ अंशांखाली काही दाखवतच नाही. आणि सूर्याकडे चुकूनही रोखू नका.

निफाडचा_नातू

वातानुकूल यांच्या प्रयोगाने एक जुने कोडे सुटले. निफाड आणि मुंबई यांच्या अक्षांशांत फक्त एका अंशाचा फरक आहे, वरचे अवकाश तेच आहे, तरी डिसेंबर-जानेवारीत निफाडला पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरून द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात आणि मुंबईत त्याच रात्री सोळा-सतरा अंश असले तरी बातम्या होतात. निफाडची उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, तिचे फार तर तीन-चार अंश धरा. बाकीचा फरक कोरड्या हवेचा आणि समुद्र जवळ नसल्याचा असला पाहिजे, असे मला वाटते.

मृण्मयी_मु

अगदी बरोबर. रात्री जमीन आकाशाकडे प्रारण सोडून निवते; कोरड्या हवेत तिला परत मिळणारे प्रारण कमी असते आणि वारा पडला असेल तर वरची उबदार हवा खाली मिसळत नाही. मुंबईतही उत्तरेकडून कोरडे वारे आले की हे घडते. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची नोंद झाली होती.

याच तत्त्वावर पूर्वी अलाहाबादच्या परिसरात बर्फ करत असत. पेंढ्यावर मातीच्या उथळ थाळ्या मांडून त्यांत पाणी ओतायचे, आणि हिवाळ्यातील निरभ्र, निवांत, कोरड्या रात्री हवा शून्याच्या वर असतानाही पहाटे थाळीवर बर्फाचा पापुद्रा मिळायचा. पाण्याची उष्णता आकाशाकडे जायची आणि पेंढ्यामुळे जमिनीची ऊब वर येत नसे. मुंबईच्या दमट हवेत ते शक्य नव्हते, त्यामुळे येथील श्रीमंतांनी १८३० च्या दशकात थेट अमेरिकेहून जहाजाने बर्फ मागवला. इतक्या लांबून बर्फ आणण्याचा तो खटाटोप मला नेहमीच अचाट वाटत आला आहे.

प्रश्नोपनिषद

सगळे मान्य, तरी माझा मूळ आक्षेप शिल्लक राहतो. मूळ ऊर्जा सूर्याचीच आहे. सूर्य थोडा अधिक तळपू लागला असेल आणि आपण उगाच कार्बनच्या माथी मारत असू, ही शक्यता का नाकारायची?

मृण्मयी_मु

शक्यता नाकारलेली नाही, तपासलेली आहे. १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा वातावरणाबाहेरून मोजत आहेत. सूर्यावरील डाग वाढण्या-घटण्याच्या अकरा वर्षांच्या चक्राबरोबर ती सुमारे ०.१ टक्का वर-खाली होते, पण या काळात तिचा कल वाढीचा नाही.

त्याहून ठोस पुरावा वरच्या हवेत आहे. सूर्य अधिक तळपल्यामुळे पृथ्वी तापत असेल, तर स्थितांबर, म्हणजे ढगांच्या वरचा ओझोन असलेला थर, तोही तापायला हवा. तेथील ओझोन सूर्याचे अतिनील किरण थेट शोषतो. कार्बन डायऑक्साइडमुळे तापत असेल, तर खालचा थर तापावा आणि स्थितांबर निवावे, कारण त्या विरळ थरात हा वायू वाढला की तेथून अवकाशाकडे अधिक ऊर्जा निसटते. स्यूकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्ये गणिताने हेच भाकीत केले होते; मानाबे यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. आणि प्रत्यक्षात स्थितांबर निवते आहे. त्याच्या खालच्या भागात ओझोनच्या ऱ्हासाचाही हात आहे, पण वरच्या भागातील निवण्यामागे कार्बन डायऑक्साइडचा वाटा मोठा आहे. पुराव्यांच्या या जोडीला तोडीस तोड असे सूर्यपक्षाचे उत्तर मी तरी अजून वाचलेले नाही.

या मोजमापाचा एक छोटा भाग मुंबईतही होतो. सांताक्रूझच्या वेधशाळेतून पहाटे आणि सायंकाळी साडेपाचच्या सुमाराला फुगा सोडतात. त्याला लटकवलेले उपकरण तापमान, आर्द्रता आणि दाब रेडिओने कळवत वर जाते. आपल्या डोक्यावर १६-१७ किलोमीटरवर ते उणे ७५ ते उणे ८० अंश दाखवते. विषुववृत्ताकडील हा थर ध्रुवांवरील त्याच उंचीच्या हवेपेक्षाही गार असतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबादला संशोधनाचे महाकाय फुगे सोडण्याचे केंद्र आहे. त्या फुग्यांचे पातळ प्लास्टिक या थरात कडक होऊन तडकू नये, यासाठी खास पदार्थ वापरावा लागतो.

सूर्याच्या अंतराबद्दलही जाता जाता सांगते. पृथ्वी जानेवारीच्या आरंभी सूर्याच्या सर्वांत जवळ, १४.७ कोटी किलोमीटरवर असते आणि जुलैच्या आरंभी सर्वांत दूर, १५.२ कोटींवर. तरी साऱ्या पृथ्वीचे सरासरी तापमान जुलैतच तीन-साडेतीन अंशांनी अधिक असते, कारण जमीन उत्तर गोलार्धात जास्त आहे आणि ती समुद्रापेक्षा लवकर तापते.

गणेशपुरीकर

पृथ्वीच्या पोटातील उष्णतेचा विचार कोणी केलेला दिसत नाही. आमच्याकडील गरम पाण्याची कुंडे पाहता ती थोडीथोडकी नसावी.

खगोलप्रेमी_दादर

सरासरीने ती दर चौरस मीटरला ०.०९ वॅट आहे. सूर्याच्या २४० पुढे नगण्य. कुंडांपाशी ती एका जागी एकवटलेली असते म्हणून जाणवते.

शिवडीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुतणीने सगळे वाचले आणि दोन प्रश्न लिहून दिले आहेत. पहिला: तिच्या पुस्तकात वातावरणाच्या सर्वांत वरच्या भागाचे तापमान हजार अंशांहून अधिक दिले आहे, मग तेथून जाणारी याने वितळत का नाहीत? दुसरा: चांद्रयान-३ चे लँडर रात्रीनंतर जागे झाले नाही, ते थंडीमुळेच का?

खगोलप्रेमी_दादर

पहिल्याचे उत्तर असे की, तापमान म्हणजे कणांच्या धावपळीची सरासरी, आणि उष्णता म्हणजे त्या सर्व कणांजवळची मिळून ऊर्जा. उष्मांबरातील, म्हणजे वातावरणाच्या त्या वरच्या थरातील, प्रत्येक कण सूर्याच्या तीव्र अतिनील किरणांमुळे सुसाट धावतो, पण कण इतके विरळ आहेत की त्यांच्यापासून यानाला मिळणारी उष्णता उन्हाच्या तुलनेत दखल घेण्याजोगी नसते. त्या थराचा त्रास वेगळाच आहे. सौर वादळ आले की तो फुगतो आणि कमी उंचीवरच्या उपग्रहांना विरोध वाढतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये एकाच उड्डाणातून सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी बहुतेक अशा वादळात खाली येऊन जळाले. आणि मृण्मयीताईंनी सांगितलेले निवणे त्या उंचीवरही चालू आहे. तेथील हवा दशकानुदशके आकसते आहे, परिणामी निकामी उपग्रहांचे तुकडे पूर्वीपेक्षा अधिक काळ कक्षेत फिरत राहणार आहेत.

दुसऱ्याबाबत: विक्रम हे ते लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी दक्षिण गोलार्धात ६९ अक्षांशाजवळ उतरले. त्यावरील 'चास्टे' या उपकरणाने जमिनीत दहा सेंटीमीटरपर्यंत खुपसलेल्या दांडीवर ओळीने बसवलेले तापमापक वापरून तेथील माती तपासली. पृष्ठभाग तापलेला, आणि आठ सेंटीमीटर खाली उणे १० अंश. चंद्रावरील धूळ उष्णतेला इतकी अडवते की तळहाताएवढ्या खोलीत उन्हाळा संपून हिवाळा लागतो. सूर्याकडे अवघे सहा अंश कललेल्या उतारावर कमाल ८२ अंश मिळाले आणि तेथून मीटरभर अंतरावरील सपाट जागेत ५९ च्या आसपास. पुतणीला एवढे एकच उदाहरण पुरेल: हवा नसेल तर तापमान ठरते ते तुमचे तोंड कोणत्या दिशेला आहे त्यावर.

लँडर आणि रोव्हर यांची रचना चंद्राच्या एका दिवसासाठी, म्हणजे आपल्या चौदा दिवसांसाठीच केलेली होती आणि नियोजित काम त्यांनी पूर्ण केले. रात्री तेथील तापमान उणे १६० च्या खाली जाते. सौर पत्रे निरुपयोगी ठरतात आणि बॅटऱ्या व इलेक्ट्रॉनिक भागांचे सांधे त्या गारठ्यात टिकतीलच याची हमी नसते. २२ सप्टेंबरला सूर्य उगवल्यावर संपर्काचा प्रयत्न झाला, पण प्रतिसाद आला नाही. रात्र काढायची असेल तर किरणोत्सारी पदार्थाच्या ऊर्जेवर चालणारे छोटे हीटर बरोबर न्यावे लागतात; चीनच्या चांग-ई मोहिमांतील यानांनी ते नेले आहेत.